पडद्यावरची इमारत

आष्ट्यात माझ्या भावाचा फोटो स्टुडिओ होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो मुद्दाम मुंबईला गेला आणि एका नव्या, निळ्या काचांच्या, तिरक्या माथ्याच्या उंच इमारतीचा फोटो काढून आला. आजूबाजूच्या इमारती तिच्या कमरेलाही लागत नव्हत्या. सांगलीच्या पेंटरकडून त्यानं ती मोठ्या पडद्यावर रंगवून घेतली. झालं, पोरांची रांग लागली. स्टुडिओचा काळा कोट अंगात चढवायचा, इमारतीपुढं उभं राहायचं आणि तोंडावर साहेबाचा रुबाब आणायचा. कोटाची डागडुजी माझ्याकडं होती. त्या सोंगांचं मला फार हसू यायचं.

मग माझंच स्थळ आलं. मुलगा म्हसवडचा, त्याचा मामा आष्ट्यातला. मामांनी फोटो पुढं केला. "ह्याच इमारतीत नोकरीला हाय," म्हणाले. वडील स्टुडिओत कधी फिरकलेच नव्हते; ते हरखले, तिथंच शब्द देऊन बसले. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. फोटो माझ्या हातात आला तेव्हा मला आधी दिसलं ते कोटाचं मधलं बटण. वडिलांच्या जुन्या स्वेटरचं तपकिरी बटण मीच तिथं लावलं होतं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "फोटू खोटा आसंल, पोरगा तर खरा हाय न्हवं?"

भावाकडं गेले. फोटो त्यानंच काढलेला, वडिलांनी फक्त त्याचंच ऐकलं असतं. तो बराच वेळ कॅमेरा पुसत बसला.

"सांगितलं तर गावभर हुईल," तो म्हणाला. "मग आपल्या दुकानात कोण येणार गं?"

मला आपलं असं कुणीच उरलं नाही, हे मला त्या दुपारी कळलं. मी घरी जाऊन भाकरी थापल्या.

लग्नाचे फोटोही भावानंच काढले. "हस की जरा," म्हणाला. मी हसले. नोकरी नव्हतीच, नवऱ्यानं मुंबई पाहिलीसुद्धा नव्हती. म्हसवडला तो दिवसभर चकाट्या पिटायचा आणि मी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायचे. यातून सुटका होईल ही आशा मी लवकरच सोडली.

दिवाळीला माहेरी आले, तर स्टुडिओच्या काचेत माझा तो हसरा फोटो लावलेला. एक गृहस्थ आपल्या लग्नाच्या मुलीला तो दाखवत होते.

"आमच्या पोरीचा बी आसाच काढा," ते भावाला म्हणाले.

मी शेजारीच उभी होते. मला कुणी ओळखलं नाही.