दीड हात, दोन बोटं

उदगीरच्या चौबाऱ्याजवळ, एका अरुंद गल्लीत दानम्मा जीन्स विकते, असं सांगितलं की नवखं माणूस आधी हसतं. त्याचंही चुकत नाही. बावन्न वर्षांची बाई, अंगावर इरकल, कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. तिनं स्वतः जन्मात जीन्समध्ये पाय घातला नव्हता. पण कुणाला कुठली बसेल हे तिच्याइतकं कळणारं माणूस लातुरापर्यंत शोधून सापडलं नसतं. लातूरला क्लासला असणाऱ्या पोरी सुट्टीला घरी आल्या की आधी आईला भेटायच्या आणि मग दानम्माला. काही तर आधी दानम्मालाच.

पोरी मोबाईलवर फोटो दाखवत यायच्या, की अक्का, मला अशी पाहिजे. दानम्मा फोटोकडे ढुंकून बघायची नाही. फोटोतली बाई इथं घालायला येणार हाय का, एवढंच विचारायची. मग पोरीला आरशासमोर उभं करायची, स्वतः एका बाजूला सरकायची आणि आरशातून बघायची. समोरून बघितलं की माणूस पोट आत ओढतं, आरशात मात्र स्वतःच्या नादात असतं, हे तिचं शास्त्र. घटकाभरात तिचा निकाल यायचा. वर बारीक आणि खाली भरदार असेल तर कमरेला घट्ट आणि मांडीपासून सरळ खाली पडणारी. पोट सुटलेलं असेल तर रुंद पट्टीची, पुढून सपाट, जरा ताणली जाणारी. मोठी बटणं अजिबात नकोत. अंगानं फळीसारखी सरळ असेल तर चुण्या आणि मोठे खिसे, म्हणजे कंबर असल्याचा भास तरी होतो. आणि जिचं धड आखूड, तिनं फार उंच कमरेच्या वाटेला जाऊ नये, पट्टी थेट बरगड्यांना भिडते.

शेवटची परीक्षा स्टुलावर. उभ्या उभ्या सगळ्याच चांगल्या दिसतात, दानम्मा म्हणायची, बसल्यावर कळतं बसली का न्हाई ते.

तिच्या दुकानात टेप नव्हता. पोरींना त्याचं फार कौतुक वाटायचं. दानम्मा मात्र त्यावर बोलायची नाही, कारण डोळ्यानं मापायचं हे कसब कुठून आलं ते तिला ठाऊक होतं.

तिचे वडील शंकरप्पा. समाजात कुणी गेलं की पहिला निरोप त्यांना जायचा. लिंगायतांत मेलेल्या माणसाला झोपवत नाहीत, मांडी घालून बसवतात, आणि बसलेलंच पुरतात. अंग ताठ व्हायच्या आत हे काम करावं लागतं, आणि ते शंकरप्पांसारखं कुणाला जमत नसे. मग ते एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत माप घ्यायचे, म्हणजे खड्ड्याच्या भिंतीतला, मृताला बसवायचा कोनाडा त्या मापाचा खोदता येई. त्यासाठी त्यांच्याकडे एक सुती दोरा होता; हाताला मोठी गाठ, पाव हाताला मधली, बोटाला लहान. दोऱ्याचं दुसरं टोक धरायला लहानगी दानम्मा असायची. पुढं पुढं तिला दोरा लागेनासा झाला. माणूस बसवलं की ती बघून सांगायची, दीड हात, सव्वा हात. अप्पांनी दोरा लावून बघावा तर तेवढंच भरे. शंकरप्पांना याचा आनंद झाला नाही. त्यांनी तिला एकच बजावलं, की जित्या माणसाला दोरा लावायचा न्हाई. ते गेले तेव्हा त्यांचं माप दानम्मानंच घेतलं. दोरा पुढं दुकानाच्या खणात पडून राहिला.

जिवंत माणसाचं माप तिला इंचांत दिसायचं. अठ्ठावीस, बत्तीस, छत्तीस. त्यात वावगं काही नव्हतं, तीस वर्षांचा सराव होता.

पण एकदा देगलूरहून सिंधुताई नावाची शिक्षिका आली. चांगली हसतीखेळती बाई. दानम्मानं आरशात बघितलं आणि तिला इंच दिसेचनात. उभी असलेली बाई तिला बसलेली दिसली, मांडी घालून, मान जरा पुढं. सव्वा हात, तीन बोटं. दानम्माला वाटलं, ऊन लागलं असेल. अंदाजानं काढून दिलेली जीन्स सिंधुताईंना उभ्यानं ढगळ होत होती. स्टुलावर बसल्या आणि अशी चापून बसली की पोरींनी टाळ्या वाजवल्या. आठव्या दिवशी सिंधुताई गेल्याचं कळलं. पुढं दोन वर्षांनी गल्लीतला रेवणप्पा. तो तर गिऱ्हाईकही नव्हता, लेकीसोबत आला आणि आरशासमोरून नुसता पलीकडे गेला. तोही बसलेलाच दिसला, आणि त्याला नऊ दिवस मिळाले. सिंधुताई मराठ्यांच्या, त्यांना सरणावर ठेवलं. पण दानम्माच्या डोळ्याला जात कळत नव्हती. तो सगळ्यांनाच बसवायचा.

त्या दिवसापासून ती आरशात बघायच्या आधी डबीला हात लावू लागली. इंच दिसले की सुटल्यासारखं वाटायचं. पोरींना वाटे, अक्का आपलं ध्यान करून बघते.

घरात तिला एकच माणूस होतं, मंजुश्री, भावाची मुलगी. भाऊ-भावजय अपघातात गेले तेव्हा पाच वर्षांची होती, आता तेवीस. लातूरच्या एका लॅबमध्ये तिला नोकरी लागली होती, आणि सोमवारी रुजू व्हायचं होतं. गुरुवारी दुपारी ती दुकानात आली आणि म्हणाली की आज भाची म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून आले.

दानम्मानं तीन जीन्स काढल्या. मंजूचं धड आखूड, पाय लांब, नितंब भरलेले. पोरीला हवी होती ती सगळ्यात उंच कमरेची, खाली घेरदार. दानम्मा म्हणाली, ती घातलीस तर छातीपासून पायच सुरू झाल्यासारखे दिसतील, बगळ्यासारखी दिसशील. त्यापेक्षा बोटभर खालच्या पट्टीची, सरळ पायाची घे. बराच वेळ दोघींचं असं चाललं. शेवटी मंजू सरळ पायाची घालून पडद्यातून बाहेर आली, आरशापुढं उभी राहिली आणि बाजूला उभ्या आत्याला खांद्याला धरून जवळ ओढलं.

"तू बी बघ की, लांबून काय बघायलीस."

दानम्मानं आरशात बघितलं. डबीला हात लावायचं राहून गेलं.

दीड हात, दोन बोटं.

आरशात मंजू हसत होती, तोंडात धरलेला चिमटा काढून केसांना लावत होती, आणि दानम्माच्या डोळ्यांपुढं मांडी घातलेला तो आकार काही केल्या उभा राहत नव्हता. तिनं डोळे चोळले, पुन्हा बघितलं. दीड हात, दोन बोटं. मंजू म्हणाली, आता स्टुलावर बसून दाखवते, आणि वाकलीही. दानम्मानं लाथेनं स्टूल उडवलं.

"बसू नको! तू बसायचं न्हाई!"

मंजू भिंतीला टेकून बघतच राहिली. अठरा वर्षांत आत्यानं तिच्यावर आवाज चढवला नव्हता. दानम्मा रडत होती आणि खण उचकत होती. देवाशी भांडायचं तर पुरावा लागतो, आणि डोळा खोटा ठरवायला तिच्याकडे एकच गोष्ट होती. अप्पांचा शब्द मोडायचा तर आज मोडायचा. तिनं दोरा बाहेर काढला, पोरीला खाली मांडी घालायला लावली आणि एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत धरला.

सव्वा हात, एक बोट.

तिनं पुन्हा मोजलं, गाठ गाठ चाचपून. सव्वा हात, एक बोट. दीड हाताची गाठ पोरीच्या गुडघ्याच्या कितीतरी पुढं लोंबत होती. आजवर डोळा चुकला नव्हता. मग हे माप कुणाचं?

दानम्मा उठून पोरीच्या मागं सरकली आणि तिनं मान वर केली. आरशात मंजू बसलेली होती आणि मागं एक इरकल नेसलेली, भरल्या अंगाची बाई उभी होती. तीस वर्षं त्या आरशात बघत असूनही त्या बाईकडे तिनं कधी लक्ष दिलं नव्हतं, कारण ती नेहमी बाजूला सरकून उभी राहायची.

ती मंजूच्या शेजारी मांडी घालून बसली आणि पोरीला म्हणाली, आता माझं धर. मंजूला काही कळत नव्हतं. तिनं आपला दोरा धरला आणि गाठी मोजल्या.

"एक मोठी गाठ, मग दोन मधल्या," ती म्हणाली. "आणि दोन बारक्या. काय झालं आत्या?"

दानम्मा हसू लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पोटाला धरून हसत होती. तिला भीती वाटली नाही असं नाही. पण त्याहून मोठा आनंद होता, आणि तो लपवायचं तिला सुचलं नाही. पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, "माजंच हाय. तुजं न्हाई, माजं हाय." मग तिनंच स्टूल सरळ करून ठेवलं आणि मंजूला त्यावर बसवलं. आणि डबीला हात लावून आरशात बघितलं, या वेळी एकट्या मंजूकडे.

अठ्ठावीस.

"बसली का गं?" तिनं विचारलं.

"लई झ्याक बसली," मंजू म्हणाली.

शुक्रवारी दानम्मा बाजारातून इंचाचा नवा टेप घेऊन आली आणि आरशाशेजारच्या खिळ्याला अडकवला. मंजूला बजावलं, की कधी दुकानात उभी राहिलीस तर ह्यानंच मोजायचं, डोळ्यानं न्हाई. दोरा तिनं चुलीत घातला. सोमवारी पोरीला लातूरच्या गाडीत बसवून आली, आणि पुढचे दिवस रोज दुकान उघडलं.

त्या गुरुवारपासून दहाव्या दिवशी मंजू परत आली तेव्हा समाजाची माणसं अंगणात जमली होती आणि कोनाडा केवढा खोदायचा म्हणून चर्चा चालली होती. शंकरप्पांनंतर हे काम नीट कुणाला येत नव्हतं. मंजूनं भिंतीला टेकवून बसवलेल्या आत्याकडे बघितलं आणि कुणी विचारायच्या आत बोलून गेली, दीड हात, दोन बोटं.

दुकान आता मंजुश्री चालवते. लॅबची नोकरी तिनं सोडली. पोरी फोटो दाखवत येतात, ती त्यांना आरशासमोर उभं करते आणि आरशात न बघता आधी खिळ्यावरचा टेप काढते.