आईनं भरवलं

ऑपरेशनच्या टेबलावर माझ्या मोठ्या भावाच्या जिवावर बेतलं, ती चूक माझी होती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी ती आईच्या नावावर घातली. चूक नजरचुकीनं झाली असं एक वेळ म्हणता येईल. आईचं नाव मात्र मी समजून-उमजून घेतलं.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. मी पनवेलच्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि तिथंच खोली घेऊन राहत होतो. आई आणि भाऊ खाडीकाठच्या आमच्या गावी. भाऊ मिठागरात कामाला. भरलेली टोपली डोक्यावर घेऊन बांधावरून दिवसभर चालायचं, असं ते काम. त्याच्या जांघेत गाठ आली होती. ओझं उचललं की बाहेर यायची, आडवं झालं की आत जायची. लंगोट घट्ट बांधून त्यानं ती बरेच दिवस लपवली. शेवटी कळवळून खाली बसायला लागला तेव्हा मी त्याला पनवेलला आणलं. बाजारामागे एका डॉक्टरांचं लहानसं इस्पितळ होतं. अंतर्गळ आहे, ऑपरेशन करावं लागेल, ते म्हणाले.

आदल्या संध्याकाळी त्यांनी मला बाजूला बोलावलं. "उद्या सकाळी पोटात काही जाता कामा नये. पाणीसुद्धा नाही. भुलीत उलटी झाली तर ती श्वासनळीत जाते. तुम्ही मास्तर आहात, म्हणून तुम्हाला सांगतो. घरच्यांना समजावा."

मी मान डोलावली. म्हणजे मला नुसता नियम नव्हे, त्याचं कारणही ठाऊक होतं.

सकाळी आई गावाहून चालत आली. पदराखाली फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी आणि सुका जवळा. आमच्याकडे कुणी मिठाच्या मचव्यावर मुंबईला निघाला, कोर्टात निघाला, कसल्याही अवघड कामाला निघाला, की आई त्याला आपल्या हातानं घास भरवायची. त्याशिवाय कुणाला उंबरा ओलांडू द्यायची नाही. माझे वडील एका पहाटे भरती गाठायची म्हणून न खाता गेले होते, ते परत आले नाहीत. ती हे कधी बोलायची नाही, पण आम्हाला माहीत होतं.

खाटेजवळ येऊन तिनं फडकं सोडलं नाही. आधी मला विचारलं.

"डाक्तर काय बोलला? यक घास दिला तं चालंल ना?"

"दे गो आये," भाऊ म्हणाला, "पोटात आग पडलीय."

मी दाराकडे पाहिलं. तशी आई म्हणाली, "नसंल चालत तं सांग. तू आता पनवेलचा झालास. तुला आमची रीतभात नको वाटतेय काय?"

ती हसत म्हणाली होती. पण ते मला लागलं. नाही म्हणायचं तर तिला सगळं समजावून सांगावं लागणार, तिला वडील आठवणार, ती रडणार. एका घासानं काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं.

"चालेल," मी म्हणालो.

घास एक नव्हता. भाऊ भुकेला होता. अर्धी भाकरी गेली आणि मी बघत उभा होतो.

नर्स आली. "काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" तिनं मला विचारलं. आई तेव्हा हात धुवायला गेली होती. मी म्हणालो, "नाही." भावानं तोंड भिंतीकडे वळवलं.

त्याला आत नेलं. आई आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. दाराखालून भुलीच्या औषधाचा वास येत होता. बराच वेळ सगळं शांत होतं. मग आत डॉक्टरांचा आवाज चढला, काहीतरी लोखंडी खाली पडलं आणि नर्स धावत येऊन दुसरी बादली घेऊन गेली. आई मला विचारत होती, काय झालं रे, काय झालं. मला काय झालं ते कळलं होतं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या एप्रनवर ओकारीचे डाग होते. "ऑपरेशन कसंबसं उरकलंय. छातीत किती गेलंय ते आता कळेल. पोटात भाकरी होती. कुणी दिली?"

"आईनं भरवलं," मी म्हणालो. "मी बाहेर गेलो होतो. तिला समजत नाही."

आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग डॉक्टरांकडे वळून हात जोडले.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "पोराला मारायला निघाला होतात?"

वॉर्डाचं दार उघडं होतं. आतल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

भावाला न्यूमोनिया झाला. अंग तापलेलं, श्वास भरभर, छातीत घरघर. पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली. खोकला आला की जखमेचे टाके ओढले जायचे आणि तो ओठ चावायचा. मी शाळेतून रजा काढली होती. त्याला खोकला येतोय असं दिसलं की मी पट्टीवर दोन्ही तळवे दाबून धरायचो. एका दुपारी खोकता खोकता त्याचे ओठ निळसर झाले. डॉक्टरांनी त्याला उठवून बसवलं, पाठीवर थापट्या मारल्या. त्या दुपारी मी ठरवलं, हा जगला तर सांगून टाकीन. ताप उतरायला लागला, तसा ठरवलेलं लांबवायला लागलो.

शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक वाणी होता. पडून पडून कंटाळलेला. आई दारात दिसली की म्हणायचा, "काय म्हातारे, आज कुणाला भरवायला आलीस? आमच्याकडे नको हो, आम्ही बरे आहोत." बाकीचे हसायचे. आईही थोडं हसायची. पुढे ती वॉर्डात यायचीच बंद झाली. सकाळी यायची आणि व्हरांड्यात पाय पोटाशी घेऊन बसून राहायची.

डॉक्टरांनी पेज द्यायला सांगितली त्या दिवशी मी तिला बोलवायला गेलो. ती उठली नाही.

"तूच पाज. माझा हात नको."

मी पेज घेऊन आत गेलो. भावानं दोन चमचे घेतले आणि विचारलं, "आये कुठंय?"

"बाहेर."

"तू अजून सांगितलं नाय?"

मी चमचा पुढे केला. त्यानं तोंड उघडलं नाही. "मी सांगू डाक्तरला?"

"नको. मी सांगतो."

मी पुन्हा बाहेर गेलो आणि आईला म्हणालो, "आई, मी डॉक्टरांना खरं काय ते सांगतो."

ती घाबरली. "आता नको. पोर अजून तेच्या हातात हाय. डाक्तर चिडला, औषिध दिलं नाय तं? मना बोलला तं बोलला. मी अडाणीच हाय. तू मास्तर."

डॉक्टर असे नव्हते, हे मला माहीत होतं. तरी मी तिचं ऐकलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांनी मला सगळ्यात जास्त कशाची लाज वाटत असेल, तर त्या सुटल्यासारखं वाटण्याची. खोटं तरी घाबरून बोललो होतो. हे मात्र शांतपणे, तिच्याशेजारी बसून पत्करलं.

टाके निघाले. घरी सोडायचा दिवस आला. बैलगाडी दाराशी उभी होती आणि भाऊ खाटेच्या कडेला सदरा घालून बसला होता. आईला सामान घ्यायला आत यावं लागलं. डॉक्टरांनी मला औषधं समजावली, ओझं उचलायचं नाही म्हणून भावाला बजावलं. मग आईकडे वळले. आवाजात राग नव्हता, पण वॉर्डाला ऐकू जाईल असा होता.

"आणि तुम्ही, बाई. यापुढं मास्तरांना विचारल्याशिवाय याला काही द्यायचं नाही."

"नाय देनार," आई म्हणाली. "मास्तरला इचारीन."

वाणी हसला. भाऊ माझ्याकडे बघत होता. आई गाठोडं उचलायला वाकली होती.

"तिनं विचारलं होतं," मी म्हणालो.

डॉक्टर थांबले. "काय?"

"तिनं मला विचारलं होतं. चालेल असं मी सांगितलं. मी तिथंच उभा होतो. नर्सबाईंनाही मीच खोटं सांगितलं."

वाण्याचं हसणं थांबलं. "तुम्हाला मी कारणासकट सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"हो."

आई गाठोडं घेऊन उभी होती. तिनं नको अशी मान हलवली. पनवेलला आल्यापासून मी तिच्याशीसुद्धा शाळेतली भाषा बोलायचो. त्या वेळी ती तोंडात येईना.

"आये," मी म्हणालो, "तू इचारलं व्हतंस. मीच चालंल बोललो, आनि मंग सगल्यांम्होरं तुझं नाव सांगितलं. माझं चुकलं. मना माफ कर."