सांध्याशेजारचा टाका

लास्टन कांग्वांना स्वस्तातली वेल्डिंग मशीन हवी होती, आणि तिच्यापायी त्यांनी पाच महिने खाणकामगारांच्या सगळ्या वुसाकिले वस्तीला वात आणला. तेहतीस वर्षं खाणीच्या भट्टीवर वेल्डर म्हणून काढलेला माणूस! मशीन खाणीची, रॉड खाणीचे, वीज खाणीची. स्वतःची मशीन घ्यायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, तीही निवृत्तीनंतर.

आणि कशासाठी, तर अंगणात विटांवर उभ्या केलेल्या त्या पिकअपसाठी. भंगारातून आणलेली. आत बसलं की पायाखालची जमीन दिसायची, इतका तळ कुजलेला. बायकोला, एस्नातला, त्यांनी शब्द दिला होता की नवा तळ घालतो, मागे बंद डबा बांधतो, मग तुझी विकायची रताळी बसच्या टपावरून आपटत यायची नाहीत. "पण दुसऱ्या कुणाचा हात लागला ना गाडीला, तर पेटवून देईन," असंही वर म्हणून ठेवलेलं. हट्ट म्हणजे हट्ट.

चिसोकोने नावाच्या बाजारात हत्यारांच्या ओळीतले निम्मे दुकानदार त्यांच्याच हाताखाली शिकलेले. त्यामुळे वस्तादाला एक सवलत होती. मशीन आठवडाभर घरी न्यायची, चालवायची, नाही पटली तर परत. जायला हातगाडी, यायला हातगाडी, आणि ढकलायला एस्नात.

पहिली मशीन बाजारातच बनवलेली, हाताने तांब्याची तार गुंडाळलेली, गाढवाएवढी जड. गेलेली वीज दुपारी दोनला आली. लास्टननी वेल्डिंगची काळी काच तोंडावर ओढली, ठिणग्या उडाल्या, आणि पत्र्याला पावलीएवढं भोक पडलं.

"ही पूल जोडायची मशीन आहे," ते म्हणाले. "पातळ पत्र्याला काय कामाची?"

ते खरंही होतं. पण पत्रा गार झाल्यावर एस्नातने वाकून पाहिलं. जिथे भोक नव्हतं तिथे वेल्डिंगचा टाका नीट पडला होता, एकसारखा, सुरेख. फक्त तो सांध्यावर नव्हता. सांध्याच्या शेजारून, बोटभर अंतरावरून गेला होता. दोन्ही पत्रे सुटेच.

तिला एकेक आठवू लागलं. मागच्या आठवड्यात त्यांनी चहा कपाच्या बाहेर ओतला होता, तेव्हा ती हसली होती. चर्चमध्ये सख्ख्या व्याह्याला ओळख न देता पुढे गेले, तेव्हा तिनेच त्यांना चार शब्द सुनावले होते.

दुसरी मशीन खांद्याला अडकवता येईल एवढीशी. स्वस्त, हलकी, कमी विजेवर चालणारी. पुन्हा टाका शेजारून.

"खेळणं आहे हे! ठिणगी एका जागी थांबतच नाही."

"अहो मुसोंडाचे बाबा, तुमचे डोळे..."

"काय झालंय माझ्या डोळ्यांना?"

असे काही खेकसले की एस्नातने शब्द फिरवला. "काही नाही. धुरानं लाल झालेत, एवढंच म्हणत होते."

आणि तिने हातगाडी काढली. काय करायला हवं होतं तिने? शेजारणींनी पुढे खूप अक्कल शिकवली. शिकवायला काय जातं! तेहतीस वर्षं ज्याच्या एका टाक्यासाठी खाणीतले साहेब थांबून राहायचे, त्याला त्याच्याच अंगणात आंधळा म्हणायचं? तिला नाही जमलं. त्यानंतर आणखी दोन मशिनी आल्या नि गेल्या. दर वेळी ती दुकानदाराला म्हणायची, "नाही पटली हो त्यांना," आणि खाली बघायची.

पाचवी मशीन गर्शमची. हा त्यांचा सगळ्यात लाडका चेला. या मशीनला रॉड लागत नाही, तार आपोआप पुढे सरकते, गाडीच्या पत्र्यासाठीच बनवलेली, आणि गर्शमने भाव तर जवळजवळ पडेलच लावला होता. ती पण बिघडलेली आहे असा निरोप गेल्यावर मात्र तो स्वतःच घरी आला.

"वस्ताद, बटणं कुणी लावली?"

"मी. हात लावू नकोस त्यांना."

"नाही लावत."

गर्शमने काच ओढली आणि बटणं तशीच ठेवून वस्तादाच्या टाक्यापलीकडच्या दुसऱ्या सांध्यावर वीतभर टाका घातला. मग काच वर करून तो बाजूला झाला. लास्टन पुढे झाले. वाकले. डोकं एका बाजूला कलतं करून, कोंबडी दाण्याकडे बघते तसं बघू लागले. दिसेना. पत्रा गार झाल्यावर त्यांनी अंगठा फिरवला, सांध्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा फिरवला. मग स्वतःच्या टाक्यावरून फिरवला, आणि त्याच्या शेजारच्या उघड्या फटीवरून.

"मशीन चांगली आहे," ते म्हणाले. "राहू दे. तळ तूच घाल, गर्शम."

एस्नात घरामागे जाऊन तोंडात कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेचा पदर कोंबून रडली.

दुसऱ्या दिवशी गर्शमनेच दोघांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, बोलायला गोड. डोळ्याच्या आतल्या पडद्याचं दुखणं आहे म्हणाली, नजरेच्या ऐन मध्यावर डाग पडतो.

"कधीपासून होतंय, बाबा?"

"झाले असतील पंधरा दिवस," लास्टन म्हणाले.

"पाच महिने," एस्नात म्हणाली.

मग डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवून सांगितलं, की दोन महिन्यांच्या आत आला असतात तर सुया देऊन थांबवता आलं असतं. आता कडेकडेचं दिसतंय ते राहील. मधलं गेलं ते गेलं.

बाहेर बाकावर दोघं बसली. गर्शम औषधाच्या रांगेत होता.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या मशीनपासून."

"मग बोलली का नाहीस गं?"

रागावले असते तर बरं झालं असतं. एस्नात म्हणाली, "तुम्ही मशीनला शिव्या घालत होतात, तोवर तुम्ही वेल्डर होतात. मीच तुमचे डोळे घालवले हो."

लास्टननी चाचपडत तिचा हात धरला.

"वेडी आहेस का, मुसोंडाची आई," ते म्हणाले. "मलाही पहिल्याच मशीनला कळलं होतं."

ते खरं होतं, की तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला म्हणाले, हे एस्नातला अजून कळलेलं नाही. विचारायचा धीर तिला आजवर झालेला नाही.