पिल्लाच्या घशातलं हाड

"तुझ्या मामाला पाणी पिता येत नाहीये गं." मामीचा फोन दुपारी आला, मी इच्छापोरला कंपनीत डिस्पॅचच्या टेबलावर बसले होते. ती पुढे बरंच सांगत होती. सकाळपासून घसा धरलाय, चहासुद्धा समोर धरला की तोंड फिरवतात, कोसाडच्या डॉक्टरने गार्गल दिलंय… मला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. मामा त्यानंतर तीन दिवस जिवंत होता, पण माझ्यासाठी तो गेल्याची बातमी तीच. पाण्याचं नाव ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं, आणि का, तेही कळलं होतं. कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी घरी आले. शेजारच्या मुलीने विचारलं, तब्येत बरी नाही का? मी हो म्हणाले.

सुकदेवमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. धुळ्याकडून सुरतेला आला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं म्हणतात. कतारगामच्या एका लूम्सच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, तो धागे जोडायचा. मागावरचं बीम, म्हणजे ताण्याच्या धाग्यांचा रूळ, संपत आलं की नव्या बीमचे हजारो धागे जुन्याच्या टोकांना एकेक करून गाठ मारून जोडायचे, हे त्याचं काम. थुंकी लावायची, पीळ द्यायचा, पुढचा धागा. पॉलिएस्टरचा धागा केसाएवढा बारीक, पण कापतो. मामाच्या बोटांच्या टोकांवर कायम बारीक चिरा असायच्या, काही जुन्या, काही त्याच दिवशीच्या. त्यांना जखम म्हणायचं हे त्याच्या डोक्यातच आलं नसतं.

आमची आणि त्याची बिल्डिंग समोरासमोर. घरात इंग्लिश मीडियममध्ये शिकलेली मी पहिली, त्यामुळे मामा मला मॅडम म्हणायचा. मी कुणाशी फार बोलत नाही. मामाला ते चालायचं, कारण तो दोघांचं बोलायचा. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करताना कुत्रा हा प्राणी कसा झाला यावरचं एक इंग्रजी पुस्तक मला रद्दीत मिळालं होतं. मामाने ते पाहिलं आणि त्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मी ते वाचून, मराठी करून सांगायचं असं ठरून गेलं. कॉलनीतली पाच-सात कुत्री त्याच्या पायाशी पडलेली असायची. मामी आतून म्हणायची, "बायकोला एक हाक मारत नाहीत जेवताना, कुत्र्यांना मात्र नावानिशी बोलावतात." मामी नाशिकची, मामाची अहिराणी तिला इतक्या वर्षांत चिकटली नव्हती.

"वाच व मॅडम, काय म्हनस तुनं पुस्तक?" तो म्हणायचा. मी सांगायचे. माणसं शेती करायच्या कितीतरी आधीची गोष्ट. वस्तीच्या कडेला टाकलेल्या हाडांसाठी लांडगे यायचे. जे फार घाबरायचे ते लांब राहायचे, जे अंगावर यायचे ते मारले जायचे. मधले, थोडे कमी भित्रे, थोडे कमी रागीट, ते टिकले, त्यांची पिल्लं आणखी जवळ आली, आणि अशा किती पिढ्यांनी कोण जाणे, त्यातलं एखादं माणसाच्या तोंडाकडे बघायला शिकलं. अर्थात हा एक अंदाज, नक्की कुणालाच माहीत नाही, असंही मी सांगायचे. मामा ऐकून म्हणाला, "म्हंजे लांडगा आधी कंत्राटावर व्हता, मंग परमनंट झाया." स्वतः तो इतक्या वर्षांत परमनंट झाला नव्हता, आणि यावर तोच सगळ्यात जास्त हसला.

एका सकाळी मी त्याला एका कबरीबद्दल वाचून दाखवलं. जर्मनीत एका खाणीत सापडलेली, चौदा हजार वर्षांपूर्वीची. एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्यासोबत पुरलेलं एक कुत्र्याचं पिल्लू. त्या पिल्लाच्या दातांवरून कळलं की ते लहानपणी खूप आजारी होतं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. कुणी उबेला घेतलं नसतं, पाणी पाजलं नसतं, तर ते तितकेही दिवस जगलं नसतं. शिकारीला, राखणीला, कशालाच त्याचा उपयोग नव्हता. तरी कुणीतरी त्याचं केलं. एरवी मामा मध्येमध्ये बोलायचा. त्या दिवशी पान संपेपर्यंत पायाशी पडलेल्या कुत्र्याचा कान चोळत बसला. मग म्हणाला, "त्या येळले बी कोनीतरी व्हतं म्हन…" नंतर तेवढं पान त्याने मला आणखी दोनदा वाचायला लावलं.

हे मी का वाचलं, असं आता मनात येतं. पण पुढे जे पिल्लू आलं, ते मामाने हे न ऐकताही उचललं असतं, हेही मला माहीत आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते नाल्याच्या कडेला सापडलं. तीन-चार महिन्यांचं असेल. जबडा लोंबत होता, तोंडातून लाळ गळत होती, भाताकडे बघायचं पण गिळता येत नव्हतं. "हाड अडकनं घसामा," मामा म्हणाला. बघणारे सगळे तेच म्हणाले. मला म्हणाला, धर. मी मागून दोन्ही हातांनी धरलं, त्याने दोन बोटं त्याच्या घशात घातली आणि डोळे मिटून चाचपू लागला. मी म्हणाले, मामा, राहू दे ना. तो म्हणाला, "हजार तारास्मा तुटेल तार सापडस माले, हाड नही सापडनार का?"

हाड नव्हतंच. त्याने तीनदा शोधलं. मग दुधात बोट बुडवून त्याच्या जिभेवर सोडत बसला, तो दिवस आणि दुसराही. पिल्लाने एकदाही चावलं नाही. चावायची ताकदच नव्हती. तिसऱ्या दिवशी ते मेलं आणि मामाने त्याला कॅनॉलकडच्या मोकळ्या जागेत पुरलं.

लोंबणारा जबडा आणि लाळ, हे मी शिकले होते. परीक्षेत लिहिलं होतं. डोळ्यांसमोर पिल्लू होतं तेव्हा आठवलं नाही, ते मेल्यावर आठवलं. पिसाळलेलं कुत्रं दर वेळी अंगावर धावून येत नाही, काही वेळा ते नुसतं लुळं पडतं आणि बघणाऱ्याला वाटतं घशात काही अडकलंय. माझ्या मनगटावर त्याच्या नखाचा ओरखडा होता. मी मामाकडे गेले आणि म्हणाले, दवाखान्यात जाऊ या, इंजेक्शन घ्यायला हवं. तो बनियनवर दाढी करत होता. "चावनं का ते माले? मंग सुई कसाले?" मी त्याच्या बोटांकडे बघितलं. त्या चिरांमधूनही लाळ आत जाते हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारचे दोघं आत आले, हसणं सुरू झालं, मॅडमला सुईची भीती वाटतेय म्हणून. मामा म्हणाला, "बीम उतरू दे, मंग जाऊत." मी बरं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून मी एकटी सरकारी दवाखान्यात गेले. केसपेपर काढला, ओरखडा दाखवला, इंजेक्शन घेतलं. पुढची सगळी, कार्डावर लिहिलेल्या तारखांना, न चुकता घेतली. घरी कुणाला सांगितलं नाही, उगाच विचारपूस नको म्हणून. बीम उतरलं, दुसरं चढलं. मामा धडधाकट होता, कामावर जात होता, आणि प्रत्येक दिवसागणिक मला वाटायला लागलं की मीच फार पुस्तकी विचार केला. दोन महिने झाले. त्याच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. धागा कळत नाही म्हणाला. वय झालं म्हणाला.

मामीचा फोन आला त्या संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुत्रं चावलं होतं का? मामी म्हणाली, नाही हो, सगळी त्यांची ओळखीची आहेत. मी तिच्या मागे उभी होते. तेव्हा मी सांगितलं, पिल्लाचं, बोटांचं, सगळं, पण डॉक्टरांना बाजूला घेऊन, इंग्रजीत, मामीला कळू नये अशा आवाजात. ते म्हणाले, आता काही करता येत नाही. त्यांनी पंखा सुरू केला आणि वाऱ्याने मामाचा गळा असा आवळला गेला की त्यांनी तो लगेच बंद केला. झटक्यांच्या मधल्या वेळात तो पूर्ण शुद्धीवर असायचा, माणसं ओळखायचा, तेच सगळ्यात वाईट होतं. हात पट्ट्यांनी पलंगाला बांधलेले होते. मला म्हणाला, "काय व मॅडम, बोलत नही?" तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

घरातल्या सगळ्यांना इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं. दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईने गुजरातीत मला विचारलं, तमारुं? मी म्हणाले, माझं झालंय. मामी शेजारीच उभी होती, पण तिचं लक्ष नव्हतं, असं मला वाटलं.

कॉलनीतल्या माणसांनी त्या आठवड्यात काठ्या घेऊन सगळी कुत्री हाकलून दिली. मामीने अडवलं नाही. दोन मागच्या वाटेने परत आली आणि जिन्याखाली बसून वर बघत राहिली.

मामाला जाऊन पाच आठवडे झाले होते. मी मामीकडे कोथिंबीर निवडत बसले होते. ती न बघता म्हणाली, "त्या दिवशी खिडकीवर तू म्हणालीस, माझं झालंय. कधी झालं गं?"

मी सांगितलं. सगळं सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मामी ऐकत होती.

"त्यांना म्हणाली नाहीस?"

"म्हणाले होते."

"कितीदा?"

"एकदा."

"एकदा," मामी म्हणाली, आणि कोथिंबिरीची ताटली माझ्या पुढ्यातून उचलून आत गेली. मी हातातली कोथिंबिरीची काडी खाली ठेवली. मग घरी आले.

त्यानंतर नऊ-दहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गॅलरीत कपडे वाळत घालताना समोर दिसायची, तोंड फिरवायची. आईने विचारलं, काय झालं तुमचं? मी आईलाही सांगितलं. आई रडली.

गेल्या रविवारी सकाळी मामीने दार वाजवलं. तिच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावरचा प्रफुल्ल होता, ओडिशाचा कारीगर, मामाच्याच खात्यात मागावर असतो. त्याच्या पोटरीवर रुमाल बांधलेला होता, काल संध्याकाळी जिन्याखालच्या कुत्र्याने धरलं म्हणे. मामीने माझ्याकडे बघितलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"याला घेऊन जा," ती म्हणाली. "नाही म्हणाला तर पुन्हा म्हण."

ती निघून गेली. प्रफुल्ल हसून म्हणाला, "दीदी, कुछ नहीं हुआ है. मिर्ची लगा दिया है." मी म्हणाले, चलो. तो म्हणाला, दहा वाजता मालक येणार आहे. मी आधी त्याला खालच्या नळावर नेलं, तिखट धुवायला लावलं, साबण धरून उभी राहिले, पंधरा मिनिटं होईपर्यंत मोबाइलमध्ये वेळ बघत. मग पुन्हा म्हणाले. तो म्हणाला, कल पक्का. जिन्यावरून दोन-तीन बायका बघत होत्या, मला माझाच आवाज मोठा वाटत होता. मी तिसऱ्यांदा म्हणाले. चौथ्यांदा म्हणाले तेव्हा तो लंगडत रिक्षात बसला.

रिक्षा अमरोलीच्या पुलावर आली. तो बाहेर बघत होता, आणि मांडीवरच्या हातातला अंगठा एकेका बोटाच्या टोकावरून हळूहळू फिरवत होता… तुटलेल्या धाग्याचं एखादं टोक हाताला लागतंय का, ते बघत असल्यासारखा.