दोन खणांची गाडी

दत्ताराम मिस्त्री गाडी पसंत करताना इंजिनाकडे ढुंकूनही बघत नसत. रत्नागिरीतल्या आमच्या गाड्यांच्या एजन्सीत ते पहिल्यांदा आले तेव्हा मी दाखवायच्या गाडीचं बॉनेट घाईघाईने उघडून उभा राहिलो, कारण गिऱ्हाईक आलं की बॉनेट उघडायचं एवढंच मला शिकवलेलं होतं. मिस्त्री माझ्या शेजारून पुढे गेले. त्यांनी मागच्या सीटचा दरवाजा उघडला आणि बरोबरच्या तीन कामगारांना म्हणाले, "बसा." तिघे आत बसले. मिस्त्रींनी दरवाजा लावला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि बाहेरूनच विचारलं, "गुडघे लागतायत काय?"

"नाय."

"डोकां?"

"नाय."

"झोप लागंल?"

तिघांतल्या थोरल्याने, लतीफने, मान मागे टेकली आणि खरोखरच डोळे मिटले. मिस्त्री त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. बॉनेट अजून माझ्या हातात होतं.

"बंद कर तां, पोरा," ते म्हणाले. "इंजिन बिगाडलां तर मी करीन. पाठचा बाक नसला तर मी काय करू?"

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली. मी त्या एजन्सीत विक्रीच्या टेबलावर कारकून होतो, अजून कायम न झालेला. ती गाडी जीपच्याच जातीची होती. पुढे माणसांसाठी सीटच्या दोन ओळी, चार दरवाजे आणि मागे मालासाठी उघडा हौदा. कंपनीच्या कागदांवर तिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. मिस्त्री तिला दोन खणांची गाडी म्हणत. नुसत्या ड्रायव्हरच्या केबिनच्या गाडीला ते गाडी मानायलाच तयार नसत. "ती हातगाडी," म्हणायचे, "तिला फकत इंजिन लावलेलां."

मिस्त्री मूळचे जैतापूरजवळच्या नाटे गावचे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात त्यांची पत्र्याची शेड होती आणि मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. जयगडपासून जैतापूरपर्यंत कुठेही इंजिन अडलं की निरोप यायचा, आणि मिस्त्री तीन कामगार, पाने, साखळी-कप्पी असं सगळं घेऊन निघायचे. लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनावर टेकवायचा, मुठीला कान लावायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचं, ही त्यांची तपासणी. जागेवर जमलं तर तिथेच वाळूत बसून काम करायचे, नाहीतर अख्खं इंजिन हौद्यात घालून रत्नागिरीला आणायचे. त्यांच्याकडे एका सरकारी खात्याच्या लिलावातून घेतलेली जुनी दोन खणांची गाडी होती. तिचे दिवस भरत आले होते, म्हणून ते आमच्याकडे नंबर लावायला आले होते.

"लोखंड पाठी, मानूस पुडे," हे त्यांचं पालुपद. कुणी गंमतीनेही हौद्यात चढलं तर ते गाडी जाग्यावर थांबवायचे. सुरुवातीला मला वाटलं, हा म्हातारपणीचा हट्ट असेल. एके दिवशी मी विचारलंच, की एका खणाची गाडी लगेच मिळते आहे, एक-दोन माणसं मागे बसली तर काय बिघडतं?

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "माजा धाकटा भाऊस यशवंत असाच पाठी बसलेला. भाड्याचा ट्रक व्हता. राजापूरच्या अलीकडचा उतार. दोर तुटला नि इंजिन पुडे आलां. मी केबिनीत बसलेलंय, ड्रायव्हरच्या बाजूक. आवाज ऐकलंय तेवा वाटलां, फळी सरकली असंल." मग म्हणाले, "मी लगेच उतरलंय पन नाय, पोरा. फळीच वाटली मला."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

दोन खणांच्या गाडीसाठी तेव्हा वर्ष-वर्ष थांबावं लागे. मिस्त्री दर आठवड्याला येत, माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसत आणि विचारत, "काय रे, माजी गाडी जन्मली काय?" मी नाही म्हटलं की हसत. कधी कागदात गुंडाळून बांगडे आणत, कधी मला शेडमध्ये नेऊन स्क्रू-ड्रायव्हरला कान लावायला लावत. "काय ऐकतंस?" मी म्हणे, धडधड. "धडधड सगळ्यांना ऐकू येते. तिच्या पाठी काय हाय तां सांग." मला ते कधीच सांगता आलं नाही. माझे वडील मी लहान असतानाच गेले होते. कुणी मोठा माणूस असा शेजारी बसून काही शिकवतो आहे, हे मला नवीन होतं, आणि त्या स्टुलाची मी वाट बघायला लागलो होतो.

श्रावणात कंपनीचं पत्र आलं. टपाल फोडायचं काम माझं. दोन ओळींच्या केबिनचं उत्पादन बंद करण्यात येत आहे, ज्यांनी नंबर लावले आहेत त्यांना तसं कळवावं, हवी असल्यास एका ओळीची गाडी द्यावी, असा मजकूर होता. सोबत पोच होती. तिच्यावर सही करून ती मी परत पाठवली आणि पत्र घेऊन मालकांकडे गेलो.

मालकांनी ते दोनदा वाचलं. "फाइलला लाव," म्हणाले. "एवढ्यात कुणाला काही बोलू नकोस. आत्ता सांगितलंस तर सगळे उठून कोल्हापूरला जातील. दिवाळीच्या तोंडावर गाड्या आल्या की सांगू, पत्र आजच आलं म्हणून. तेव्हा घेतील निमूटपणे." मी दारापर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. "तुझे कायम व्हायचे कागद मी दिवाळीनंतर करणार आहे. लक्षात आहे ना?"

लक्षात होतं.

आठ दिवसांनी मिस्त्री आले. स्टूल पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "पोरा, एक इचारतंय. कोल्हापुरात एक एजन्सी हाय, दुसऱ्या कंपनीची. त्येंच्याकडे दोन खणांच्या दोन गाड्या हुभ्या हायत म्हनतात. लतीफ म्हनतो, जाऊया. मी म्हटलां, आदी आमच्या पोराला इचारतंय. तू सांग. जाऊ, का थांबू?"

आतल्या खोलीत मालकांच्या खुर्चीचा आवाज झाला. मी समोरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणालो, "थांबा की. दिवाळीपर्यंत येतेच आहे."

"झालां तर मग," असं म्हणून ते उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. माझ्या शब्दावर त्यांनी लतीफला गप्प केलं. नवरात्रात जुन्या गाडीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडाच, तुटली, तेव्हा दुरुस्तीचा खर्च कशाला करायचा, नवी येतेच आहे, असं म्हणत त्यांनी ती भंगारात घातली.

दिवाळीच्या आधी आमच्या दारात गाड्या उतरल्या. सगळ्या एका खणाच्या. मिस्त्री आले, गाडीच्या मागे गेले, पुढे आले, परत मागे गेले. मला वाटतं, मागचा दरवाजा शोधत असावेत. मालक स्वतः बाहेर येऊन म्हणाले, "काय करणार मिस्त्री, कंपनीने ऐनवेळी दगा दिला. परवाच पत्र आलं."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा काय झाला होता कोण जाणे, पण ते जवळ आले आणि मलाच समजावू लागले. "तू कशाला तोंड पाडतंस? तुज्या हातात काय व्हतां? कंपनीनं आपल्या दोघांना पन फसवलानी."

आपल्या दोघांना, असं ते म्हणाले. तेव्हा बोलायला हवं होतं. मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिलो.

मग त्यांनी टेप काढून हौदा मापला. कुणाकडून तरी केबिन मागे वाढवून घेता येईल का, हे बघत होते. पण नव्या गाडीची चासीच आखूड होती. दुसरा बाक टाकला तर मागे इंजिन मावणार नव्हतं. टेप गुंडाळून खिशात टाकत ते म्हणाले, "मी कोल्हापूरला जाऊन येतंय."

दोन दिवसांनी, दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर, ते परत आले. एसटीच्या प्रवासाने कपडे चुरगळलेले होते. लतीफ दारातच उभा राहिला. मिस्त्री स्टुलावर बसले नाहीत. कोल्हापूरच्या त्या एजन्सीतल्या दोन्ही गाड्या दसऱ्यालाच गेल्या होत्या, आणि त्या कंपनीनेही पुढे तसली गाडी काढायची नाही असं ठरवलं होतं. मग मिस्त्री आमच्याच कंपनीच्या तिथल्या कचेरीत गेले होते. एखादी गाडी कुठे शिल्लक असेल तर द्या, म्हणून विनवायला. तिथल्या साहेबाने फाइल काढून दाखवली होती. तुमच्या एजन्सीला आम्ही श्रावणातच कळवलंय, ही बघा पोच.

"खाली सही व्हती," मिस्त्री म्हणाले. "मला इंग्रजी येत नाय. पन माज्या पावतीवर हीच सही हाय, म्हनून वळखलंय." त्यांनी बुकिंगची पावती माझ्यासमोर ठेवली. "ही तुमचीच ना?"

वर्षभर ते मला अरे, पोरा म्हणत आले होते. मला उद्देशून 'तुमची' असं ते पहिल्यांदाच म्हणाले.

मी म्हणालो, "मालकांनी सांगितलं होतं, बोलू नकोस म्हणून. माझी नोकरी..."

"मालक माजे कोन?" ते अजिबात ओरडले नाहीत. "त्येंना मी काय इचारलां नव्हतां. त्येंनी मला थांब म्हनून सांगितलानी नव्हतां. मी तुमाला इचारलां. तुमी म्हनालात, थांबा. म्हनून मी थांबलंय."

मी पैसे परत देण्याचं काहीतरी बोललो. ते म्हणाले, "पैसे घेऊन काय करू? नाट्याला चार होड्या वाळूत हायत. इंजिनां डोक्यावर आनू?" आणि समोरची एका खणाची गाडी घेण्याच्या कागदांवर त्यांनी सही केली. माझंच पेन होतं. परत देताना त्यांनी ते माझ्या हातात दिलं नाही, टेबलावर ठेवलं.

पुढच्याच महिन्यात मी कायम झालो.

त्या गाडीत मिस्त्री कुठे बसतात, हे मला एकदा लांज्याच्या रस्त्यावर दिसलं. मी एसटीच्या खिडकीत होतो आणि ती गाडी पुढे चालली होती. आयुष्यभर स्वतः गाडी चालवणाऱ्या मिस्त्रींनी स्टिअरिंग लतीफच्या हाती दिलं होतं. त्याच्या शेजारी दोघे कामगार. केबिन भरली. मागे हौद्यात, बांधलेल्या इंजिनाच्या बाजूला, घडी घातलेल्या ताडपत्रीवर मिस्त्री एकटे बसले होते. एक हात दोरावर होता, आणि उतार लागला की ते दोर घट्ट धरत. साठीला आलेला माणूस. धुळीने भुवया लाल झालेल्या. एसटी पुढे काढताना माझी खिडकी त्यांच्या अगदी जवळून गेली. त्यांनी वर बघितलं, मला ओळखलं आणि नमस्कार केला. परक्या माणसाला करतात तसा, नीट, हात जोडून. तेवढ्यासाठी त्यांना दोर सोडावा लागला.

चार वर्षं ते असेच फिरले. मधे मी एजन्सी सोडली आणि एका पतपेढीत लागलो. त्यांच्या शेडकडे जाण्याचं धैर्य झालं नाही. मग एका पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचायच्या आतच ते गेले, असं कानावर आलं. कार्य झाल्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. दारातूनच परत यावं लागलं तरी चालेल, असं मनाशी ठरवून.

मिस्त्रींच्या पत्नीने, काकींनी, मला ओळखलं. "गाडीच्या हापिसातले ना तुमी? या, या," म्हणत त्यांनी चटई टाकली, चहा ठेवला. मी काही बोलण्याआधीच त्या कोपऱ्यात बसलेल्या लतीफला म्हणाल्या, "ह्येच ना ते? ज्येंनी आमच्या गाडीसाटी कंपनीशी भांडान केलानी?" मग माझ्याकडे वळून, "ते नेहमी सांगायचे. म्हनायचे, कंपनी बेइमान झाली, पन त्या पोरानं लई खटपट केलान. तुमच्याबद्दल वाईट शब्द कदी ऐकलंय नाय."

मी लतीफकडे बघितलं. कोल्हापूरला तो मिस्त्रींच्या बरोबर होता. त्या दुपारी दारात तोच उभा होता.

"हां," तो काकींना म्हणाला. "केलानी खटपट."

काकींनी आग्रह केला म्हणून चहा संपवला, त्यांच्या पाया पडलो आणि उठलो. लतीफ मला पोचवायला पायऱ्यांपर्यंत आला. मी म्हणालो, "मिस्त्रींनी मला माफ केलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं."

"माफ?" लतीफ म्हणाला. "कोल्हापूरहून आलो त्या दिवशी एसटी स्टँडवर त्येंनी आमाला सांगितलानी, ही गोष्ट मिरकरवाड्यात कुनी बोलायची नाय. पोरगा अजून लहान हाय, लोक त्येला दारात हुभा करनार नायत. बस. तेवडांच. त्येच्या उप्पर तुमचां नाव त्येंनी आमच्यासमोर घेतलानी नाय."

मग तो आत वळला. आतून काकी विचारत होत्या, गेले काय रे ते, आणखी थोडे बसले असते.