गच्चीवरचं तळं

"पाय आत घ्या, साडूभाऊ! तळ्यात गेला तुमचा पाय!"

मी दचकून पाय ओढला. तळं म्हणजे लिंबायतमधल्या एका गच्चीवर निळ्या खडूनं ओढलेली रेघ, आणि ओरडणारे आमचे थोरले साडू. इतकी तयारी करून कुठेही न गेलेला दुसरा माणूस उभ्या सुरतेत नाही, हे मी कुठल्याही देवळात शपथेवर सांगेन.

चोवीस वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात बोलून बोलून त्यांच्या गळ्याला 'हळू' हा प्रकार ठाऊकच उरलेला नाही. ते जेवताना मीठ मागतात आणि पलीकडच्या नवागाममधली एखादी बाई वाटी घेऊन निघते. तयारीही तशीच दणदणीत. पुतणीच्या लग्नाला निघायचं, तर आदल्या दिवशी रिकाम्या बॅगा घेऊन स्टेशनपर्यंत एक फेरी: रिक्षा कुठे उडते, कुठली बॅग कुणाच्या मांडीवर, सगळं ठरवून. त्या फेरीतच ते इतके दमले की लग्नाचा फक्त व्हिडिओ पाहिला.

यंदाची गोष्ट मात्र ताईंसाठी होती. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, साडूंच्या मंडळी. दर दिवाळीला लूम बंद झाले की हे कुटुंब धुळ्याकडे गावी जातं, आणि तिथे ताई अठरा माणसांच्या भाकरी थापतात. सुट्टी संपते, पीठ संपत नाही. यंदा नवरात्रातच त्यांनी सांगून टाकलं, की चार दिवस मला चूल दिसता कामा नये. साडूंनी देवीसमोर शब्द दिला. तापीच्या वरच्या अंगाला एका तळ्याकाठी राहायला लाकडी खोल्या मिळतात, असं त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं.

खोली दहा बाय बारा, एवढं कळताच त्यांनी कापड मोजायच्या पट्टीनं ती गच्चीवर आखली. दार, खिडकी, पायरी, पायरीपुढे तळं. मग रोज संध्याकाळी सराव. कोण कुठे झोपणार, साप निघाला तर कोण कुठून पळणार. साप मी व्हायचो. तिथल्या नियमांत 'शांतता राखावी' असं होतं म्हणे, म्हणून आठ दिवस कुजबुजण्याचाही सराव झाला. त्या कुजबुजीला कंटाळून खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकींनी आपली झोपायची खोली बदलली. ताई रोज जिना चढून येत, रेघेपाशी उभ्या राहत आणि घरच्या अहिराणीत एवढंच विचारत, "फोन कया का?"

आधी सराव पक्का होऊ दे, मग फोन, असं साडूंचं उत्तर ठरलेलं.

धनतेरसच्या सकाळी एकदाचा तो पक्का झाला. साडूंनी खडूच्या खिडकीत उभं राहून फोन लावला. पलीकडचं काही आम्हाला ऐकू आलं नाही. साडू म्हणाले, "बरं. देवदिवाळीपर्यंत एकही खोली नाही. बरं." आणि हे इतक्या हळू, की खालून काकी घाबरून वर धावत आल्या. आठ दिवसांची कुजबुज अखेर जमली होती.

पाडव्याला फराळाचा डबा घेऊन मी गेलो, तर घराला कुलूप. म्हटलं, गेली शेवटी गावी. पण वरून काहीतरी करपल्याचा वास आला, म्हणून जिना चढलो. गच्चीच्या कोपऱ्यात आडवी चादर बांधली होती, चूल दिसू नये म्हणून. तिच्याआड साडू खिचडीशी झुंजत होते.

ताई खडूच्या पायरीवर बसल्या होत्या. दोन्ही पाय रेघेपलीकडे. मी सवयीनं साडूंकडे पाहिलं. त्यांनी चादरीवरून एकदा ते पाय बघितले आणि मान खाली घालून पुन्हा डाव हलवू लागले.

मी ताईंना विचारलं, कसं काय आहे तळं?

ताईंनी पाय हलवले नाहीत. म्हणाल्या, "पानी थंड शे."