दात सरळ झाला, सूर गेला

"बघा, आता किती छान दिसतोय," डॉ. अनघा म्हणाल्या आणि त्यांनी आरसा माझ्या हातात दिला.

रोह्यातला त्यांचा दवाखाना. खुर्चीत मी. समोरच्या दाताचा उडालेला कोपरा त्यांनी कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या लगद्याने, भरून काढला होता. शिवाय दोन दातांमधली जन्मापासूनची फटही बुजवली होती. माझं हसू पहिल्यांदाच सरळ दिसत होतं, आणि मला घाम फुटला होता.

"डॉक्टर, हे काढावं लागेल."

"का? दुखतंय?"

"नाही. पण मी ट्रंपेट वाजवतो."

मी मूळचा पेणचा. वडिलांच्या लग्नाच्या बँडमध्ये वाजवायला शिकलो. पुढे मुंबईत एका सरांनी पाश्चात्य शास्त्रीय संगीताच्या वाटेला लावलं, आणि आता कितीतरी वर्षं एका ऑर्केस्ट्रात पहिला ट्रंपेट वाजवतोय. जवळ आलेल्या एका मोठ्या कॉन्सर्टच्या आधी चार घास शांतपणे खावेत म्हणून रोह्याला ताईकडे निघालो होतो. वडखळ सोडलं, बाटली तोंडाला लावली, आणि एसटी खड्ड्यात आदळली. बाटली स्टीलची होती.

ट्रंपेटमध्ये नुसती हवा फुंकून आवाज येत नाही. ओठ थरथरावे लागतात, आणि त्या ओठांना मागून आधार असतो तो समोरच्या दातांचा. माझे ओठ त्या फटीसकट बसायला शिकले होते. त्यात कॉन्सर्टची सिम्फनी अशी, की सगळा ऑर्केस्ट्रा गप्प बसतो आणि एकटा ट्रंपेट सुरुवात करतो.

ट्रंपेटची पेटी उघडून मी तिथेच वाजवून बघितलं. खालचे सूर आले. वर गेलो तशी ओठांच्या कडेने हवा सुटली आणि आवाज फाटला.

बाहेर नंबर लावून बसलेल्या एका आजींनी दारातून डोकावलं. "डॉक्टरबाय, आत वरात आली का काय?"

"नाय आजी. दात बसवतेय."

"असा?" म्हणत त्या बाहेर जाऊन बसल्या.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "आधी नेमका कसा होता दात?"

मोबाइलमधले फोटो दाखवले. त्यात मी तोंड मिटून हसत होतो.

"मग असं करू," त्या म्हणाल्या. "मी थोडं घासते, तुम्ही वाजवा. पण एक आधीच सांगते. मी घातलेलं तेवढंच काढणार. तुमच्या खऱ्या दाताला हात लावणार नाही. तो एकदा झिजला की परत येत नाही."

त्यांनी घासलं. मी वाजवलं. फट मोकळी झाल्यावर आवाज जरा गोळा झाला. "अजून थोडं," मी म्हणालो. पुन्हा घासलं. मग कोपऱ्याला जास्तच कापलं गेलं म्हणून पुन्हा लगदा, पुन्हा तो कडक करणारा निळा दिवा. दुपार अशीच गेली. आजींचा नंबर मध्येच उरकून घेतला, तेवढ्या वेळातही मी बाहेर फेऱ्या मारत जिभेने दात चाचपत होतो. शेवटी ओठच सुजले. आता चूक दाताची की ओठांची, तेही कळेना.

"बस," डॉक्टर म्हणाल्या. "इथून पुढे मी दात बिघडवेन."

ताईच्या घरी जेवायला बसल्यावर तिला सगळं सांगितलं. "अरे, तुझ्या ऑर्केस्ट्राच्या साहेबांना सांगून टाक ना," ताई म्हणाली. "लपवून काय होणार हाय?"

साहेब म्हणजे ऑर्केस्ट्राला ताल देणारे आमचे कंडक्टर. त्यांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "वरचे सूर लागतायत?"

"कधी लागतात, कधी नाही."

"मग नेल्सनला तयार राहायला सांगतो."

नेल्सन म्हणजे माझ्या शेजारी बसणारा दुसरा ट्रंपेट. गुणी माणूस. त्या रात्री मात्र मला तो अजिबात आवडला नाही.

रिहर्सलला कंडक्टरनी मला दोनदा पूर्ण ऐकलं. दमलो की वरचा सूर निसटत होता. ते म्हणाले, "सुरुवात तू कर. शेवटचा भाग नेल्सन वाजवेल."

वाद घालावासा वाटला. घातला नाही, कारण त्यांचं बरोबर होतं.

कॉन्सर्टला सुरुवात स्वच्छ आली. शेवटी नेल्सन उंच सूर धरून होता आणि मी वाद्य मांडीवर घेऊन बसलो होतो. बोटं आपोआप ट्रंपेटच्या कळा दाबत होती. त्याने छान वाजवलं. कार्यक्रम संपल्यावर तसं त्याला सांगितलं, आणि सांगायला जरा वेळ लागला.

नव्या दाताशी ओठांचं जमायला पुढे बरेच महिने गेले. शेवटचा भाग आता पुन्हा माझ्याकडे आहे. दात नीट जमल्यावर डॉ. अनघांकडून त्याचा प्लास्टरचा साचा करून घेतला. पुन्हा काही झालं तर मापाला काहीतरी हवं. आता शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी दातांच्या डॉक्टरकडे धाडतो. साचा करून आणा, मग ट्रंपेट हातात घ्या. मुलं मुकाट्याने जातात. पालकांना मात्र वाटतं, सरांचं डॉक्टरांशी काहीतरी कमिशन ठरलेलं असणार.